वरचा थर

सुक्या बोंबलांची पाटी समोर आली की मावशी आधी भाव विचारायची नाही. पदर कमरेला खोचायची, कोपरापर्यंत हात पाटीत घालायची आणि अगदी तळातला एक बोंबील ओढून काढायची. तो मोडून बघायची, नाकाशी न्यायची आणि मगच विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. "वरचा थर सगल्यांचाच चांगला अस्तो," असं तिचं म्हणणं. सुक्या मासळीच्या बाबतीत ते खरंच आहे. पण ती हेच वाक्य बँकेच्या मॅनेजरबद्दल, सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांबद्दल आणि पुढे माझ्या वेबसाइटबद्दलही म्हणायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. शंभराची नोट उजेडाला धरून बघणारं, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारं. आपण अशा माणसाला हसतो आणि आपलं कुलूप मात्र त्यालाच ओढून बघायला सांगतो.

मी तेव्हा नवी मुंबईतली नोकरी सोडून मुरूडला घरी आलो होतो. काशीदच्या लोकांनी घरात चार-चार खोल्या काढून पर्यटक ठेवायला सुरुवात केली होती. त्यांच्या वेबसाइट करून देणं हा माझा धंदा. शेजारच्या गावातल्या अकरा कोळणींचा बचत गट सोडे, जवळा, बोंबील अशी सुकी मासळी रस्त्याकडेला विकायचा. रस्त्यावरून नेलेले सोडे संपले की पुण्याच्या बायका फोन करायच्या, "कुरियरनं पाठवता का?" पैशाचं मात्र त्रांगडं व्हायचं. कोणी पैसे पाठवल्याचा फोटो पाठवायचं आणि पैसे आलेलेच नसायचे. तेव्हा गटानं ठरवलं, आपली वेबसाइट करायची आणि तिथंच पैसे भरायची सोय ठेवायची.

गटाच्या अध्यक्षबाईंच्या ओटीवर पहिली बैठक झाली. "ही आमची खजिनदार," असं म्हणून त्यांनी जिच्याकडे बोट केलं, तिनं मला नमस्कार न करता माझा लॅपटॉप उचलला आणि उलटा करून बघितला.

"खालनं गरम कशाला होतंय?"

"काम करतोय ना, म्हणून," मी म्हणालो.

"आपुन तर अजून काय सांगितलंच न्हाय त्याला."

बायका हसल्या. ती हसली नाही. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही निवांत बसा, मी सगळं समजावून सांगतो." तर म्हणाली, "मला तुम्ही नको म्हनू. तुम्ही म्हननारा मानूस कायतरी इकायला आलेला अस्तो." तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणायला लागलो. गावात मावशीला तसं म्हणतातच, पण तिच्या बाबतीत ती अट होती.

पुढच्या आठवड्यात ती न कळवता आमच्या घरी आली. मी अलिबागला गेलो होतो. तिनं आईला विचारलं, पोरानं नोकरी सोडली की काढून टाकला? माझी आई भोळी. तिनं कौतुकानं माझा सगळा जन्म सांगितला, बारावीला गणितात एकदा गचकलो होतो तेही. नंतरच्या बैठकीत मी एका पार्सलचं वजन धरून कुरियरचा खर्च सांगितला, तर मावशी शेजारणीला म्हणाली, "परत करून बगा गं, ह्याचं गनित कच्चं हाय." मला राग आला होता. आजही आठवलं की थोडा येतोच.

पैसे भरायचं पान मी मोठ्या हौसेनं केलं होतं. कार्डाचा नंबर गटाकडे येणार नाही, असं ठेवलं होतं. पान आपलं, पण त्यातली नंबर लिहायची चौकट पैसे घेणाऱ्या कंपनीची. गिऱ्हाईकानं लिहिलेला नंबर थेट कंपनीकडे जातो. आपण तो बघत नाही आणि साठवतही नाही. जे आपल्याकडे नाहीच, ते आपल्याकडून चोरीला कसं जाणार? हे समजावताना माझी छाती जरा फुगली असणार.

"म्हंजे घर आपलं आनि खिडकी दुसऱ्याची," ती म्हणाली. "आनि कोनी आपल्यासारकंच घर बांदून तितं सोताची खिडकी बसवली तर? पुन्यातल्या बाईला काय कलनार?"

मी तिला पानाच्या वर, पत्त्याजवळचं कुलपाचं चिन्ह दाखवलं. ते दिसलं की वाटेत कोणी नंबर वाचत नाही, असं सांगितलं.

"कुलूप चोराच्या घरालाबी अस्तं," ती म्हणाली.

सहा वर्षं मी नवी मुंबईच्या नोकरीत हेच काम केलं. तिथं मोठमोठ्या पगाराच्या लोकांना कुलूप दाखवलं की त्यांचं समाधान व्हायचं. सातवी शिकलेल्या या बाईनं एका वाक्यात त्या कुलपाची लायकी सांगितली आणि ती बरोबर होती. लबाड पानालाही कुलूप मिळतं. वाटेत कोणी वाचत नाही एवढंच ते सांगतं. वाट कोणाच्या दारात जाते, ते सांगत नाही.

मग तिनं विचारलं, "भाव कोन सांगतो?"

"म्हणजे?"

"सोड्याचा भाव. त्या कंपनीला कोन सांगतो, हिच्याकडनं एवडे घे म्हनून? आपुन का गिऱ्हाईक?"

"आपणच, मावशी. पानावर लिहिलेलाच असतो."

"आनि पान कोनाच्या हातात अस्तं?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि घरी आलो. जेवताना लक्षात आलं. पान गिऱ्हाईकाच्या हातात असतं. भाव मी त्याच पानात ठेवला होता आणि पान परत पाठवेल तो आकडा मुकाट्यानं मान्य करत होतो. ताट तसंच ठेवून मी लॅपटॉप उघडला. एक किलो सोडे घेतले, पानाच्या आतला भाव बदलून एक रुपया केला आणि पुढे पाठवला. "धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली," पान म्हणालं. कॉलेजची पोरंही करत नाहीत अशी चूक मी केली होती. तीन दिवस खपून भाव आमच्या बाजूला नेऊन ठेवला. पान काहीही म्हणो, भाव गटाच्या यादीतलाच लागणार. तिला सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी हात घातला म्हनून कललं. लाजू नको. वास येन्याआदी कललं."

तिचं मन एवढं स्वच्छ होतं आणि तरी मी पुढे जे केलं ते केलं.

काम अडलं एका फोन नंबरवर. कंपनीला गटातर्फे एका जबाबदार माणसाचा मोबाइल नंबर हवा होता. गटाचं खातं उघडायचं, पैसे बँकेत वळवायचे, तर त्या नंबरावर ओटीपी येणार. खजिनदार तीच, तेव्हा नंबर तिचाच.

"माज्या फोनवर नको," ती म्हणाली.

का, ते सांगेना. मग अध्यक्षबाईंचा देऊ म्हटलं, तर म्हणाली, तिचा फोन तिचा पोरगा वापरतो, चालनार न्हाय. ते खरं होतं, पण अध्यक्षबाईंना लागलं. नवीन कोणाचा द्यायचा तर गटाचा ठराव हवा, आणि खजिनदार असताना दुसरीचा नंबर का, हे ठरावात काय लिहायचं? दीड महिना पान तयार होऊन पडून राहिलं. गणपतीला चाकरमानी आले आणि गेले. त्यांच्या ऑर्डरी पूर्वीसारख्या फोनवरच घ्याव्या लागल्या. बायका कुजबुजू लागल्या. "कर न्हाय त्याला डर कशाला?" असं एकीनं माझ्यासमोरच म्हटलं.

त्याच दिवसांत ती एका दुपारी एकटीच माझ्याकडे आली. चहा नको म्हणाली. बराच वेळ आमच्या अंगणातल्या सुपाऱ्या बघत बसली, मग विचारलं, "एकदा खात्यातनं गेलेले पैसे मागं येतात?"

"लगेच कळवलं तर कधीकधी येतात."

"लगेच म्हंजे किती?"

"त्याच दिवशी. जितक्या लवकर तितकं बरं."

"आनि दोन वर्सं झाली तर?"

"मग अवघड आहे, मावशी."

निघताना पायरीवर थांबून म्हणाली, "फोनमदला जुना मेसेज काडून टाकला तर कोनाला दिसतो का रं?"

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? गटाचे पैसे जिच्याकडे, ती स्वतःचा नंबर देत नाही, जुने पैसे परत येतात का विचारते आणि मेसेज पुसायला बघते. चोराच्या मनात चांदणं, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. माझ्या कामात इतके दिवस हात घालून बघणारीच्या पाटीत आता मला वास आला होता.

मी अध्यक्षबाईंना एवढंच म्हणालो, "पान चालू करायच्या आधी गटाचा हिशोब एकदा बघून घ्या."

एवढंच वाक्य. गावात ते पुरतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं की कांपुटरवाल्याला काहीतरी सापडलं आहे.

चार दिवसांनी समाजमंदिरात बैठक झाली. तिनं पासबुक, वही आणि कुलपाचा डबा आणून मधोमध ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. दोन तास बायकांनी ओळ न् ओळ तपासली. एका रुपयाचाही फरक निघाला नाही. उलट पार्सलच्या पिशव्यांचे काही पैसे तिनं स्वतःचे घातलेले निघाले, ते तिनं कधी मागितलेच नव्हते. अध्यक्षबाई वही पुन्हा पुन्हा चाळत होत्या, जणू आत आणखी एखादं पान असेल.

"हिशोब बगा असं कोन म्हनलं?" तिनं विचारलं.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. भली बाई, त्या नाव घेणार नव्हत्या. मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, "मावशी, मी म्हणालो."

तिनं माझ्याकडे बघितलं. पाटीतला बोंबील मोडायच्या आधी बघायची तसंच.

"मला इचारायचंस," ती म्हणाली. "माज्या घरची वाट तुला म्हाईत हाय."

एवढं बोलून तिनं डब्याची किल्ली वहीवर ठेवली आणि खजिनदारपण सोडलं. बायकांनी खूप आर्जवं केली, एकदोघी रडल्या. तिनं फक्त एक अट घातली. पैसे भरायच्या पानावर, कार्डाच्या चौकटीच्या वर, मोठ्या अक्षरात लिहायचं: ओटीपी कोणालाही सांगू नका, आमच्या गटातून फोन आला तरी सांगू नका. मी म्हणालो, लिहितो. "आमच्या गटातून" हे शब्द तिनं दोनदा म्हणायला लावले.

गटातल्या एका तरण्या सुनेचा नंबर दिला आणि पान चालू झालं. पहिले पैसे पुण्याहून आले, अर्धा किलो सोड्यांचे. मला आनंद व्हायला हवा होता. मी पार्सलवर पत्ता चिकटवला आणि घरी येऊन झोपलो.

पंधरा दिवसांनी ती आली. मी तिच्याकडे जायला हवं होतं, पण माझा पाय उचलत नव्हता. आलीसुद्धा हातात सुकटीची पुडी घेऊन, जणू मीच रुसलो होतो.

"त्या दिशी तू उटून सांगितलंस," ती म्हणाली. "गप बसला अस्तास तर मला कवाच कललं नसतं. म्हनून तुला सांगते. मी असेपरेंत कोनाला सांगू नको."

नवरा गेल्यावर तिनं त्याची होडी विकली होती. पैसे बँकेत ठेवले. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलरवर, मुलगी लग्न होऊन रेवदंड्याकडे. म्हातारपणाला ते पैसे, आणि उरतील ते दोघांना सारखे, असं तिनं ठरवलं होतं. एके दिवशी फोन आला. नवऱ्याच्या खात्याचे कागद पुरे करायचे आहेत, म्हणाला. गोड बोलणारा. 'तुम्ही' म्हणणारा.

"मला आई म्हनला रं," ती म्हणाली. "आई, तुम्ही काय बी कालजी करू नका, फकस्त आलेला आकडा सांगा. मी सांगितला. परत आला, परत सांगितला. तीनदा सांगितला. हितं आक्का जनम पाटीत हात घालून बगितलं, आनि त्याला तेवडं इचारलं न्हाय, की बाबा तू कोन?"

मी विचारलं, तक्रार का केली नाहीस? तर म्हणाली, पोराला कळलं असतं. तो आधीच म्हणत होता, आये, पैसे माझ्या नावावर ठेव, तुला जमायचं नाही. "त्याचं खरं झालं अस्तं," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होतो. मला तिचा हात धरावासा वाटला आणि धरवला नाही. जिच्यावर मी चोरीचा आळ घेतला, तिचंच घर लुटलं गेलं होतं.

"पण मग गटाला तुझा नंबर का दिला नाहीस?" मी विचारलं. "आता तर तू कोणाला आकडा सांगणार नव्हतीस."

"एकदा सांगितला ना," ती म्हणाली. "मंग परत न्हाय सांगनार कशावरनं? माजे गेले ते माजे व्हते. त्यांचे गेले अस्ते तर?"

त्यानंतर ती अधूनमधून यायची. नवीन पान केलं की मी तिला दाखवायचो. चाळिशी विसरली म्हणायची आणि बरोबर नको तिथं बोट ठेवायची. गिऱ्हाईकं वाढली. कुरियरवाल्यानं वासामुळे पार्सलं घ्यायला नकार दिला, तेव्हा तीन थरांत बांधायची युक्ती तिचीच. एकदा तर स्वतःच बांधलेलं पार्सल उघडून तिनं परत तपासलं होतं.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर ती गेली. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला. बाराव्याला मी गेलो होतो. तिचा मुलगा आणि मुलगी एका मांडवात असून एकमेकांशी बोलत नव्हते. मला वाटलं, दुःखात असतील.

महिन्याभरानं मुलगा माझ्याकडे आला. थोराड माणूस, ट्रेलर चालवून हात राठ झालेले. त्यानं खिशातून आईचं पासबुक काढून टेबलावर उघडलं. एकाच दिवशी तीनदा पैसे गेलेले. त्यानंतर खात्यात काही राहिलेलंच नाही.

"होडीचे पैसे हायेत हे," तो म्हणाला. "ताईच्या खात्यात गेलेत का, तेवडं काडून दे. तुला कलतं ह्यातलं. तिनंच आयेकडनं काडून घेतलेत. मी बाराव्याला इचारलं तिला, तर रडून दाखवते. आता तिचं तोंड बगनार न्हाय मी."

मी असेपरेंत, असं ती म्हणाली होती. मी तिचे शब्द मनात पुन्हा एकदा नीट ऐकले, कारण या बाबतीत माझ्यावर फार विश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. मग त्याला सगळं सांगितलं. होडी, फोन, आई म्हणणारा माणूस, तीन आकडे. ती दोन वर्षं उलटल्यावर पैसे परत येतात का विचारायला याच खुर्चीत बसली होती, तेही सांगितलं.

तो पासबुकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला का न्हाय सांगितलं तिनं?"

त्याचं उत्तरही त्यानंच दिलं.

"मी बोललो अस्तो तिला. लई बोललो अस्तो."

त्यानं पासबुक मिटलं, खिशात ठेवलं आणि फोन घेऊन अंगणात गेला. एकदा नंबर लावला, उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा बऱ्याच वेळानं पलीकडून कोणीतरी बोललं असावं, कारण त्याची मान खाली गेली.

"ताई, मी हाय," तो म्हणाला. "ठेवू नको... आयेच्या पैशाचं कललं. तू न्हाय घेतलेस... न्हाय, फोनवर न्हाय सांगत. मी येतो. आता निगालो."